सागरी शहरातील मालमत्ता-संरक्षण आणि विद्युत कुंपण : निवड व देखभाल
(विशेष संदर्भ : रत्नागिरी शहर)

बीजसंज्ञा : विद्युत कुंपण, झटका मशीन, खारी हवा, जस्त-लेप, अर्थिंग, जांभा, अतिक्रमी व्यक्तीचे अधिकार

प्रस्तावना :

कोकण किनाऱ्यावरील शहरांत मालमत्तेच्या संरक्षणाची साधने पिढीगणिक बदलत आली आहेत. जांभ्याच्या दगडांचा गडगा हे सर्वांत जुने साधन होय. त्यानंतर चिरेबंदी भिंत व तिच्या माथ्यावर सिमेंटात रोवलेले काचेचे तुकडे आले, पुढे काटेरी तार आली, आणि आता बंगले, गोदामे, आंब्याच्या बागा व शैक्षणिक संस्था यांच्या भिंतींवर विद्युत तारा दिसू लागल्या आहेत. शेतकरी ज्याला ‘झटका मशीन’ म्हणतो, तेच यंत्र शहरात ‘सुरक्षा कुंपण’ या नावाने विकले जाते.

महाविद्यालयात हा विषय बहुधा खरेदी समितीपुढे येतो. संगणक कक्ष, प्रयोगशाळेतील उपकरणे, भांडार, मुलींचे वसतिगृह या कारणांनी कुंपणाची मागणी होते. तीन दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि न्यूनतम दराखाली समितीचे सदस्य स्वाक्षरी करतात. या सदस्यांत मराठीचे, वाणिज्याचे, राज्यशास्त्राचे प्राध्यापक असतात. त्यांना दरपत्रकातील ‘इतके हजार व्होल्ट’ या एकाच आकड्यावर विसंबून निर्णय घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा आकडा निर्णयाच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगाचा आहे. समुद्राकाठच्या शहरात यंत्र कोणते घेतले याहून तार कोणत्या धातूची आहे, जमिनीशी जोडणी कशी आहे आणि देखभाल कोण करणार आहे, यांवर कुंपण चालणार की नुसते दिसणार हे ठरते. त्याही आधी एक प्रश्न येतो : हे कुंपण कोणाचा जीव तर घेणार नाही ना?

झटका आणि मृत्यू यांतील अंतर :

‘विद्युत कुंपण’ या एकाच शब्दाने दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी ओळखल्या जातात, आणि बहुतेक अनर्थ या गोंधळातून होतात. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने १९१५ साली व्याप्त बेल्जियम व नेदरलँड्स यांच्या सीमेवर सुमारे २,००० व्होल्टची अखंड प्रवाहित तार उभारली. तिचा हेतूच माणसे मारणे हा होता आणि तिने शेकडो माणसे मारलीही. याउलट न्यूझीलंडमध्ये १९३० च्या दशकापासून गुरे आवरण्यासाठी विकसित झालेले कुंपण आणि १९६२ साली डग फिलिप्स यांनी त्याला दिलेले विद्युतधारित्रावर आधारित रूप हे निराळ्या तत्त्वावर चालते. आजचे सुरक्षा कुंपण या दुसऱ्या परंपरेतील आहे.

त्याचे तत्त्व असे : यंत्रातील धारित्र अर्थात कपॅसिटर काहीशे व्होल्टपर्यंत भारित होतो. नंतर इलेक्ट्रॉनिक कळ उघडून तो भार एका रोहित्रातून तारेत सोडला जातो. त्या क्षणी तारेवरील दाब सात-आठ हजार व्होल्टपर्यंत चढतो, परंतु तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. पुढील स्पंदापूर्वी सुमारे एक सेकंदाची उसंत असते. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३३५-२-७६ आणि त्याच विषयावरील भारतीय मानक आयएस ३०२-२-७६ हे या यंत्रांसंबंधीचे मूळ दस्तऐवज होत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्पंद सेकंदाला एकाहून अधिक वेळा येऊ नये आणि ५०० ओहम रोधातून जाणारी ऊर्जा प्रत्येक स्पंदास ५ ज्यूलपेक्षा अधिक असू नये. अर्धा किलोचे वजन एक मीटर उचलण्यास लागणारी ऊर्जा साधारण एवढीच असते.

घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचाच असतो, म्हणून तो सौम्य वाटतो. प्रत्यक्षात तो अखंड असतो. ओल्या हाताने धरलेल्या तारेतून शरीरात दीड-दोनशे मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो, स्नायू आखडतात, हात तार सोडू शकत नाही आणि हृदयाचे ठोके विस्कळीत होतात. झटका मशीनच्या तारेवर दाब तीस-पस्तीस पट असूनही माणूस हात मागे घेतो, कारण त्याला हात मागे घेण्यास वेळ मिळतो. दाबाचा आकडा धोक्याचे माप नव्हे. प्रवाह किती आणि तो किती वेळ, हे धोक्याचे माप होय.

रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी तारेत थेट मुख्य वाहिनीची वीज सोडण्याची पद्धत आपल्याकडे आजही आढळते. काही वेळा तर ही वीज आकडा टाकून घेतलेली असते. अशा तारेने माणसे, गुरे आणि वन्यप्राणी दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. हे विद्युत कुंपण नव्हे. कारागिराने “मशीनची गरज नाही, थेट जोडून देतो, स्वस्तात होईल” असे म्हटल्यास चर्चा तिथेच थांबवावी.

अतिक्रमी व्यक्ती आणि कायदा :

भिंतीवर चढणारा चोरच आहे, मग त्याची काळजी आपण का करावी, असा प्रश्न समितीत हमखास विचारला जातो. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात दिले आहे. आरोपीच्या शौचालयाचा वापर शेजारचे लोक करीत होते. ते बंद करण्यासाठी त्याने शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर उघडी, वीजप्रवाहित तार लावली. कोणताही इशारा दिला नाही. १९५९ साली शेजारची एक स्त्री त्या तारेला लागून मरण पावली. मालमत्तेच्या खासगी बचावाचा आरोपीचा दावा न्यायालयाने फेटाळला आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खालील दोषसिद्धी कायम ठेवली. एखादी व्यक्ती अतिक्रमी आहे एवढ्याच कारणाने तिला गंभीर इजा पोहोचेल अशी योजना जमिनीवर करण्याचा अधिकार मालकाला मिळत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा होय.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरण्याबद्दल तिच्या कलम १०६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. पूर्वीच्या कलमात ही मर्यादा दोन वर्षे होती. शैक्षणिक संस्थेच्या बाबतीत हा विषय अधिक नाजूक होतो. तिच्या भिंतीवर रात्री चोर क्वचित चढतो, परंतु दिवसा चेंडू आणण्यासाठी मुले चढतात, पडलेले आंबे वेचण्यासाठी शेजारचे येतात, आणि उशीर झालेला विद्यार्थी फाटक टाळून भिंत ओलांडतो. कुंपण उभारताना ही माणसे डोळ्यांसमोर असली पाहिजेत.

याच दृष्टीने आंतरराष्ट्रीय मानकातील काही अटी पाहण्यासारख्या आहेत. काटेरी तारेत किंवा पात्याच्या तारेत विद्युत स्पंद सोडू नये, कारण त्यात अडकलेला माणूस हात मागे घेऊ शकत नाही आणि एका सेकंदाच्या उसंतीला अर्थ उरत नाही. जिथे जुनी काटेरी तार भिंतीवर आहे तिथे तीच यंत्राला जोडून देण्याचा मोह कंत्राटदारांना होतो. तो साफ नाकारावा. इशाऱ्याच्या पाट्या किमान १०० गुणिले २०० मिलिमीटर आकाराच्या, पिवळ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत, प्रत्येक फाटकाजवळ आणि दहा मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता लावाव्यात. रत्नागिरीच्या उन्हापावसात रंगविलेली पाटी दोन वर्षांत कोरी होते. कोरी पाटी म्हणजे इशारा नसणे, आणि वरील खटल्यात इशारा नसणे हीच आरोपीच्या विरोधात जाणारी एक बाब होती. म्हणून पाट्यांचे नूतनीकरण हा देखभालीचा भाग समजावा.

दक्षिण आफ्रिकेत, जिथे डर्बनसारख्या हिंदी महासागराच्या काठच्या शहरांत विद्युत कुंपण घरोघरी आहे, २०११ च्या नियमांनी कुंपणासाठी अनुपालन प्रमाणपत्राची सक्ती केली. कुंपण असलेली मालमत्ता विकतानाही हे प्रमाणपत्र लागते आणि उभारणी करणारा नोंदणीकृत असावा लागतो. आपल्या खरेदी समितीला कंत्राटदाराकडून असे लेखी प्रमाणपत्र निविदेतच मागता येते.

खारी हवा व तारेचा धातू :

रत्नागिरी शहराची रचना या विषयाच्या अभ्यासाला फार अनुकूल आहे. पांढरा समुद्र, मुरुगवाडा, मांडवी हा भाग लाटांना लागून आहे. मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव हा भाग वरच्या जांभ्याच्या सड्यावर आहे. लाटा फुटताना उडणारा खारा फवारा वाऱ्याबरोबर आत येतो आणि किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काहीशे मीटरांत त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. त्यामुळे एकाच शहरात, एकाच कंत्राटदाराने, एकाच प्रतीच्या तारेने उभारलेली दोन कुंपणे अगदी वेगवेगळे आयुष्य जगतात. सड्याच्या पश्चिम कडेवर मात्र वारा थेट येतो. तिथे केवळ उंचीवर भरवसा ठेवून चालत नाही.

लोखंडी तारेवरचा जस्ताचा लेप हा तिचा प्राण होय. हा लेप चौरस मीटरला किती ग्रॅम आहे, हे दरपत्रकात बहुधा लिहिलेले नसते. नुसते ‘जीआय तार’ असे असते. बाजारातील हलक्या लेपाच्या तारेवर हे प्रमाण ६० ग्रॅमच्या आसपास असू शकते, म्हणजे लेपाची जाडी सुमारे ८.४ मायक्रॉन. जड लेपाच्या तारेवर २४० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३४ मायक्रॉन. हवेच्या क्षरणशीलतेचे वर्गीकरण करणाऱ्या आयएसओ ९२२३ या मानकात, समुद्रालगतच्या तीव्र हवेसाठीच्या सी-५ वर्गात, जस्ताचा लेप वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतो असे धरले आहे. भागाकार सोपा आहे : हलक्या लेपाची तार एक ते दोन वर्षांत उघडी पडते, जड लेपाची चार ते आठ वर्षे तग धरते. दोन्ही तारा दुकानात सारख्याच चकाकतात. दरपत्रकात ‘जस्त-लेप २४० ग्रॅम’ हे चार शब्द लिहून मागितले तर न्यूनतम दराचा क्रम बहुधा बदलतो.

जस्त-लेपित लोखंडाला दोन पर्याय सांगितले जातात. स्टेनलेस स्टील हा त्यांपैकी प्रतिष्ठेचा. त्यातही ३०४ व ३१६ हे दोन प्रकार आहेत. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते खाऱ्या हवेतील टोचक गंजाला अधिक दाद देत नाही. ३०४ प्रतीच्या तारेवर किनाऱ्यालगत तपकिरी डाग लवकर दिसू लागतात. दुसरा पर्याय ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूची तार. ती हलकी, गंजरोधक व उत्तम विद्युतवाहक असते, पण मऊ असते. झावळी पडली किंवा वानर लटकला तर ती ताणून लोंबते.

येथे भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला थोडे थांबावेसे वाटते, कारण गंजाच्या भीतीने स्टेनलेस स्टील निवडताना एक मोठी गोष्ट नजरेआड होते. १.६ मिलिमीटर व्यासाच्या एक किलोमीटर तारेचा रोध ॲल्युमिनिअमसाठी सुमारे १४ ओहम, लोखंडासाठी सुमारे ७० ओहम आणि स्टेनलेस स्टीलसाठी सुमारे ३६० ओहम येतो. आता ६०० मीटर परिघाचे आवार घेऊ. त्यावर तीन प्रवाहित ओळी एकामागून एक जोडल्या, तर एकूण १.८ किलोमीटर तार होते. स्टेनलेस स्टीलमध्ये तिचा रोध सुमारे ६५० ओहम. मानकात मानवी शरीरासाठी धरलेला रोध ५०० ओहम आहे. म्हणजे शेवटच्या टोकाला कोणी स्पर्श केला, तर निम्म्याहून अधिक दाब तारेतच खर्ची पडतो. गंमत अशी की, कोणीही स्पर्श केलेला नसताना त्याच टोकाला मापकावर जवळजवळ पूर्ण दाब दिसतो. कंत्राटदार टोकाला सात हजार व्होल्टचा आकडा दाखवतो, समिती समाधानाने परतते, आणि चढणाऱ्याला मिळणारा झटका मात्र त्या आकड्याच्या मानाने फारच क्षीण असतो. म्हणून टोकाची चाचणी ५०० ओहमचा भार जोडून करून मागावी.

तीन ओळी प्रत्येक कोपऱ्यावर समांतर जोडल्या, तर हाच रोध सत्तर ओहमच्या घरात येतो. परंतु समांतर जोडणीत एक ओळ कोणी कापली तरी यंत्राला ते कळत नाही, कारण स्पंद उरलेल्या दोन ओळींतून परत येतो. एकामागून एक जोडणीत तार कुठेही तुटली की परतीचा स्पंद थांबतो आणि भोंगा वाजतो. झटक्याची ताकद आणि तार कापल्याची सूचना या दोन्ही गोष्टी हव्या असतील तर आवाराचे दोन-तीन विभाग पाडून प्रत्येक विभागाची तार आखूड ठेवणे हाच मार्ग उरतो. लहान बंगल्याला हा प्रश्न पडत नाही, महाविद्यालयाच्या आवाराला मात्र पडतो.

धातूंच्या सांध्यांबाबत एकच नियम आहे : तार ज्या धातूची, सांध्याची खूण व बोल्ट त्याच धातूचे. तांब्याची उघडी तार जस्ताच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या तारेला पिळून जोडली की खाऱ्या ओलाव्यात तो सांधा एक लहानसा विद्युतघट बनतो आणि जस्त किंवा ॲल्युमिनिअम झिजत जाते. आमच्याकडील बिघडलेल्या कुंपणांत दोष बहुतेक वेळा यंत्रात नव्हे, तर अशा पिळलेल्या सांध्यांत असतो.

भिंतीत रोवलेल्या खांबांकडेही लक्ष द्यावे. जांभा चिरा सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी पितो. त्यात रोवलेला साध्या लोखंडाचा खांब गंजला की गंज फुगतो आणि चिऱ्याला तडा जातो. कुंपण दुरुस्त करता येते, भिंतीचा माथा दुरुस्त करणे महाग पडते.

जमिनीशी जोडणी : जांभ्याची अडचण

विद्युत मंडल पूर्ण होण्यासाठी स्पंद तारेतून शरीरात, शरीरातून जमिनीत आणि जमिनीतून यंत्राच्या अर्थिंगपर्यंत परत यावा लागतो. या परतीच्या वाटेचा विचार दरपत्रकात सर्वांत कमी असतो. एक सळई ठोकली की अर्थिंग झाले, असा सार्वत्रिक समज आहे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु तो जूनपासून चार महिन्यांत पडतो आणि जांभ्यातून वेगाने निचरून जातो. एप्रिल-मेमध्ये सड्यावरचा कातळ कोरडा ठणठणीत असतो. कोरड्या जांभ्याचा विद्युतरोध फार मोठा असतो. परिणाम असा की, जे कुंपण श्रावणात हाताला जबर झटका देते तेच वैशाखात नुसते गुदगुल्या करते, आणि यंत्र दोन्ही वेळी सारखेच ‘टक् टक्’ करीत असते.

यावर दोन उपाय एकत्र करावे लागतात. पहिला, किमान तीन सळया, प्रत्येकी दोन मीटरच्या आसपास खोल, परस्परांपासून तीन मीटर अंतरावर, शक्यतो विहिरीजवळ, स्नानगृहाच्या सांडपाण्याजवळ किंवा झाडांच्या आळ्याजवळ. कातळात सळई ठोकली जात नाही. भोक पाडून भोवती माती व बेंटोनाइट भरावे लागते, आणि हा खर्च दरपत्रकात वेगळा दाखवून मागावा. इमारतीच्या वीजपुरवठ्याच्या वा दूरध्वनीच्या अर्थिंगपासून कुंपणाची सळई किमान दहा मीटर दूर असावी, अशी मानकाची शिफारस आहे. ती न पाळल्यास कुंपणाचे स्पंद संगणक कक्षाच्या अर्थिंगवर उमटतात.

दुसरा उपाय म्हणजे भिंतीवरील ओळींत एक प्रवाहित व एक अर्थिंगची तार अशी आलटून-पालटून मांडणी करणे. चिऱ्याच्या कोरड्या भिंतीवर चपला घालून उभा असलेला माणूस जमिनीपासून जवळजवळ तुटलेला असतो. नुसत्या प्रवाहित ओळी त्याचे फार बिघडवू शकत नाहीत. दोन तारांना एकदम स्पर्श झाला की मात्र मंडल भिंतीवरच पूर्ण होते. सड्यावरील आवारांसाठी ही मांडणी अनिवार्य मानावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. किनाऱ्यालगतच्या वाळूत भूजल खारे असल्याने अर्थिंग सहज मिळते, पण तिथे सळईच लवकर खाल्ली जाते. तिची जोडणी उघडून पाहता येईल अशी पेटी ठेवावी.

अर्थिंगची चाचणी शिपायालाही शिकवता येण्याइतकी सोपी आहे. यंत्र बंद करून, यंत्रापासून शंभरेक मीटरवर जमिनीत रोवलेली सळई प्रवाहित तारेला जोडावी. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तारेवरील दाब दोन हजार व्होल्टच्या खाली आला पाहिजे. न आल्यास आणखी सळया जोडाव्यात. मग यंत्राच्या अर्थिंगच्या शेवटच्या सळईवर कुंपण-मापक लावावा. तिथे दोन-तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला, तर अर्थिंग अपुरे आहे. ही चाचणी पावसाळ्यात करून काही उपयोग नाही. ती मे महिन्यात करावी.

ऋतुचक्रानुसार देखभाल :

सागरी शहरात कुंपणाची देखभाल महिन्याच्या तारखेने ठरवण्याऐवजी ऋतूने ठरवावी. मेच्या अखेरीस वारा जोर धरतो, परंतु पाऊस स्थिरावलेला नसतो. या काळात इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, आणि रात्री त्या थरावरून स्पंद झिरपून खांबात उतरतात. अंधारात भिंतीलगत चालत गेल्यास निळसर ठिणग्या दिसतात व टकटक ऐकू येते. दोष शोधण्याचे इतके स्वस्त साधन दुसरे नाही. गोड्या पाण्याने, यंत्र बंद करून, इन्सुलेटर धुवावेत. पुढे पाऊस हे काम स्वतःच करतो.

पावसाळ्यात मिठाची जागा हिरवळ घेते. कोकणातला वेल आठवड्यात भिंतीचा माथा गाठतो, चिऱ्यावर शेवाळ चढते, गवत खालच्या ओळीला टेकते. प्रत्येक पाते थोडा थोडा स्पंद जमिनीत वाहून नेते. भिंतीपासून अर्धा मीटर पट्टा बेणून ठेवणे आणि खालची ओळ भिंतीच्या माथ्यापासून पुरेशी वर ठेवणे हे दोनच उपाय. माडाची एक झावळी संपूर्ण विभाग निकामी करू शकते, त्यामुळे कुंपणावर झुकलेले माड वेळेवर साफ करून घ्यावेत.

वीज खंडित होणे हा या ऋतूचा स्थायीभाव. ३ जून २०२० रोजी अलिबागनजीक धडकलेले निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर सरकलेले तौक्ते यांनी जिल्ह्याच्या अनेक भागांत वीजपुरवठा दीर्घकाळ बंद पाडला. यंत्रासोबत मिळणारी ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी कागदोपत्री रात्रभर पुरते. दोन वर्षांची, उष्ण खोलीत ठेवलेली तीच बॅटरी तासाभरात माना टाकते. वर्षातून एकदा मुख्य वीज मुद्दाम बंद करून यंत्र किती तास चालते ते घड्याळ लावून पाहावे.

ऑक्टोबरमध्ये दोन गोष्टी एकत्र येतात : परतीच्या पावसाचा गडगडाट आणि पहाटेचे दव. भिंतीवरील लांब तार विजेच्या कडकडाटात उच्च दाब गोळा करते आणि तो यंत्रात आणते. वीजरोधक व त्याला स्वतंत्र अर्थिंग नसल्यास यंत्र जळते, आणि हमीपत्रात ‘आकाशातील वीज’ हा अपवाद बारीक अक्षरांत असतो. दव मात्र निरुपद्रवी दिसते. पावसाने धुतलेल्या इन्सुलेटरवर पुन्हा मीठ साचू लागते, दव ते ओले करते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास भोंगा विनाकारण वाजू लागतो. तीन-चार पहाटे असे झाले की रखवालदार भोंगा बंद करून टाकतो. त्याचे चुकत नाही. पण त्यानंतर कुंपणाचे अस्तित्व केवळ पाटीपुरते राहते.

महाविद्यालयांच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, कुंपणाच्या दोन्ही कसोटीच्या वेळा, म्हणजे मेमधील कोरडा कातळ आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील दव, नेमक्या उन्हाळी व दिवाळीच्या सुट्टीत येतात. आवार रिकामे असते, चोरीची शक्यता सर्वाधिक असते आणि समितीचे सदस्य गावी असतात. त्यामुळे वार्षिक देखभाल करारात ‘वर्षातून चार भेटी’ असे न लिहिता या भेटींचे महिने लिहावेत : एप्रिलचा शेवटचा आठवडा, जूनचा पहिला आठवडा, ऑगस्ट, आणि दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वीचा आठवडा. प्रत्येक भेटीत यंत्राजवळचा दाब, प्रत्येक विभागाच्या टोकाचा भारासह दाब, अर्थिंगच्या सळईवरील दाब आणि मुख्य वीज बंद केल्यानंतर बॅटरी किती वेळ टिकली, हे चार आकडे नोंदवहीत लिहून कंत्राटदार व रखवालदार दोघांची स्वाक्षरी घ्यावी. देयक या नोंदीवर काढावे. नोंदवही कार्यालयाच्या कपाटात न ठेवता फाटकावरील चौकीत ठेवावी, आणि यंत्राच्या खोलीची एक किल्ली तिथेच, काचेच्या पेटीत, असावी. तारेत कोणी अडकले तर यंत्र बंद करण्यासाठी प्राचार्यांच्या दूरध्वनीची वाट पाहावी लागू नये.